प्राणिद्यूत : पैज माणसाची, अंग जनावराचे

(प्राणी कल्याण पंधरवड्यात डिचोली तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



प्रतिवर्षी १४ जानेवारीपासून महिनाअखेरपर्यंत देशभर प्राणी कल्याण पंधरवडा पाळला जातो. या दिवसांत गुरांचे लसीकरण, भटक्या कुत्र्यांचा प्रश्न, चाऱ्याची टंचाई यांवर पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज अशा एका गोष्टीविषयी बोलावयाचे आहे, की जिच्याविषयी व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही. परंतु सभा आटोपून मंडळी चहाला बसली की तिच्याखेरीज दुसरे बोलणे निघत नाही. ती गोष्ट म्हणजे मुक्या जनावरांवर लावली जाणारी पैज.

गोव्यात घोड्यांचे रेसकोर्स नाही. परंतु मुंबईच्या महालक्ष्मीला, पुण्याला किंवा बंगळूरला रेसच्या दिवशी आवर्जून जाणारे लोक आपल्यातही आहेत. शिवाय आपल्या घरची म्हणावी अशी धिरयो आहेच. घोडा धावतो, बैल झुंजतो, एवढाच काय तो फरक. भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या मुठीतील नोटा दोन्हीकडे सारख्याच असतात.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी हा विषय आपल्यापेक्षा अधिक नेमकेपणाने पाहिला होता. निर्जीव वस्तूंनी, म्हणजे फासे, कवड्या इत्यादींनी खेळावयाच्या जुगारास त्यांनी ‘द्यूत’ म्हटले आणि सजीव प्राण्यांवर पण लावून जो खेळ होतो त्यास ‘समाह्वय’ असे निराळे नाव दिले. हा भेद मनुस्मृतीत आहे आणि याज्ञवल्क्यस्मृतीत या दोहोंचे एक प्रकरणच आहे. मनूच्या मते राजाने दोन्ही बंद करावीत. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने जुगारावर सरकारी अध्यक्ष नेमला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच हिस्सा राजाच्या तिजोरीत घातला. आज घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना वस्तू व सेवा कर शेकडा ४० या दराने लागतो. हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा आहे. त्यापूर्वी तो २८ होता. कौटिल्याने हे ऐकले असते तर त्याला आपल्या नेमस्तपणाचा पश्चात्ताप झाला असता!

पण शास्त्रकारांनी दोन नावे का केली असतील? मला त्याचे एक कारण दिसते. फासे खेळणारा हरला तर तो स्वतः हरतो. त्याचे घर बुडते, बायकामुले उपाशी राहतात. हे वाईटच, परंतु फाशाला दुखत नाही. मांडवीतील कॅसिनोंविषयी माझे मत कृपया येथे विचारू नका, तो निराळा विषय आहे. तरी इतके म्हणता येईल की तेथील चक्र कितीही फिरविले तरी त्याची हाडे मोडत नाहीत. जनावरावर पैज लागते तेव्हा मात्र खेळात एक तिसरा पक्ष येतो. त्याने डाव मांडलेला नसतो, जिंकल्यास त्याला रुपया मिळत नाही, आणि तरीही त्याचे अंग डावात असते.

महाभारतातील सभापर्व आपणांस पाठ आहे. युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला, तोपर्यंत सभा गप्प होती. द्रौपदीला पणाला लावल्यावर तिने जो प्रश्न विचारला त्याने भीष्मही निरुत्तर झाले. स्वतःला आधीच हरलेल्या पुरुषाला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला, हा तो प्रश्न. तो पतीच्या अधिकाराविषयी होता हे खरे. परंतु त्याच्या मुळाशी जाऊ, तर पणाला लागलेल्या जिवाला स्वतःचे म्हणणे असते की नाही, एवढेच तेथे उरते. घोड्याला आणि बैलाला सभेत उभे राहून हा प्रश्न विचारता येत नाही. तो त्यांच्या वतीने आपणच विचारावा लागेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. लोक म्हणतात, “घोडा कोण पणाला लावतो? मी माझे शंभर रुपये लावतो. घोडा तर तसाही धावतो, धावणे हा त्याचा धर्म आहे.” घोड्याला धावणे आवडते यात शंकाच नाही. मोकळ्या रानात सोडलेली शिंगरे पाहावीत. पण शर्यतीतील धावणे त्या जातीचे असते का, हे पाहिले पाहिजे.

मी कला शाखेचा पदवीधर, शरीरशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पशुवैद्यांकडून जे समजून घेतले तेच सांगतो. शर्यतीचा थरोब्रेड घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा असतो आणि भरधाव वेगात ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो. त्या वेगात असा क्षण येतो की सगळा भार एका पायावर पडतो, आणि तो त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो. हा पाय मनगटाएवढ्या हाडावर उभा असतो. दोन वर्षांचा झाला की घोड्याला शर्यतीत उतरविण्याची पद्धत आहे. त्याच्या पाठीच्या कण्याची वाढ मात्र पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. आपल्याकडे गोऱ्ह्याला वेळेआधी नांगराला जुंपणाऱ्या शेतकऱ्याला गावातील वडीलधारे बोल लावतात. येथे तेच काम उत्तम पोशाख केलेल्या लोकांच्या देखत होते.

पाय मोडला तर माणूस प्लास्टर घालून तीन महिने खाटेवर पडून राहील. घोड्याला तसे पडून राहता येत नाही. तो उरलेल्या तीन पायांवर भार देतो आणि मग त्या पायांच्या खुरांना सूज येऊन तेही निकामी होऊ लागतात. म्हणून मोठे हाड मोडले की बहुधा त्याला तेथेच मरण द्यावे लागते. धावताना फुप्फुसांत रक्तस्राव होणे, दिवसाचे बहुतेक तास तबेल्यात बंद राहून आणि भारी दाणा खाऊन जठरात व्रण होणे, हे विकार शर्यतीच्या घोड्यांत इतके आढळतात की त्यांना अपवाद म्हणता येत नाही. आणि आयुष्य पाहा. घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. शर्यतीचा काळ त्यातील चार-पाच वर्षांचा. ज्यांची वंशावळ मोठी ते पैदाशीसाठी राहतात. काहींना घोडेस्वारीच्या शाळा मिळतात. बाकीचे हातोहात विकले जाऊन शेवटी टांग्याला किंवा लग्नाच्या वरातीला येतात.

पैजेचा यांत दोष काय, असे कोणी विचारील. शर्यतीचे बक्षीस, तबेल्याचा खर्च, क्लबाचे उत्पन्न, यांचा मोठा वाटा पैजांच्या पैशातून येतो. हौसेखातर वर्षाकाठी चार शर्यती झाल्या असत्या. पैज असल्यामुळे त्या हंगामभर, एका दिवसात सात-आठ होतात. शिवाय पैज लावणाऱ्याला निकाल हवा असतो. घोडा आज थकलेला दिसतो, त्याला राहू द्या, असे म्हणण्याची मुभा त्या व्यवहारात मालकाला फारशी उरत नाही आणि जॉकीला तर मुळीच नाही. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जॉकीने चाबूक उगारला नाही तर प्रेक्षक त्यालाच शिव्या देतात. आपला पैसा बुडविण्याचा कट झाला असा त्यांना संशय येतो.

या चाबकाविषयी थोडे अधिक सांगतो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये शर्यतींच्या शेवटच्या टप्प्यातील वेग आणि चाबकाचे फटके यांचा मेळ घालून पाहिला. थकलेल्या घोड्याला मारल्याने तो जिंकण्याची शक्यता वाढते असे त्यांना आढळले नाही. घोड्याची कातडी जाड असते, त्याला तितके लागत नाही, हाही समज २०२० मध्ये तपासला गेला. वेदना जाणणारे मज्जातंतू घोड्याच्या वरच्या त्वचेत माणसाइतकेच असल्याचे दिसले. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीतील चाबकावर बंधन घातले. तेथे शर्यती बंद पडल्या नाहीत आणि लोकांनी पैजाही सोडल्या नाहीत. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा व अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. सातवा किंवा आठवा फटका क्रूर आणि त्याआधीचे सौम्य, हे गणित मला समजलेले नाही.

कायद्याकडे वळतो, कारण समोर बरेच अधिकारी बसले आहेत. १२ जानेवारी १९९६ रोजी मद्रासच्या रेस क्लबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की घोड्यांच्या शर्यतीतील यशापयश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, म्हणून तिला जुगार म्हणता येत नाही. हा निर्णय आजही शर्यतींचा कायदेशीर आधार आहे. पण न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, हे लक्षात घ्यावे. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हे ठरवावयाचे होते. घोड्याला काय सोसावे लागते, हा तेथे वादाचा मुद्दाच नव्हता. तेव्हा “सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीला चांगले म्हटले आहे” असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही.

त्याच १९९६ साली आपल्या गोव्यात काय घडले, हे इथल्या वयस्क मंडळींना आठवत असेल. सासष्टीतील एका धिरयोत बैलाने पाहावयास आलेल्या माणसाला ठार केले. त्यानंतर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले आणि न्यायालयाने धिरयो बेकायदा ठरविली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे जनावरांना झुंजीस चिथविणे आणि झुंजीसाठी जागा देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. तरीही पहाटेच्या वेळी, भातकापणी झालेल्या शेतांत धिरयो होत राहिल्या हे सर्वांना ठाऊक आहे. आता मोबाइलवरून तिचे चित्रण दूरवर दाखविले जाते आणि परगावी असलेली माणसेही त्यावर पैसे लावतात, असे वृत्तपत्रांत वाचावयास मिळते.

धिरयोच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. ती आमची परंपरा आहे, देवळाच्या जत्रेइतकी आणि चर्चच्या फेस्ताइतकी जुनी आहे, असे ते म्हणतात. मालक बैलाला पोटच्या पोरासारखा वाढवितो, स्वतः अर्धपोटी राहून त्याला चारतो, हेही खरे आहे. स्पेनमध्ये बैलाला तलवारीने मारतात. आपल्याकडे एक बैल पाठ फिरवून पळाला की झुंज संपली. विधानसभेतही धिरयोला कायदेशीर मान्यता द्यावी, अशी मागणी वेळोवेळी झाली आहे. परंतु माझे मत विचाराल तर ज्या प्रेमाचा एवढा दाखला दिला जातो, त्या प्रेमाचीच पैज शत्रू आहे. दोन बैल कुरणात भिडतात तेव्हा दुबळा बैल लवकरच माघार घेतो. तो त्याचा शहाणपणा. पैज लागली की हा शहाणपणा मालकाला महाग पडतो. मग शिंगे तासून टोकदार केली जातात, आणि मागे सरणाऱ्या बैलाला आरडाओरडा करून पुन्हा पुढे ढकलले जाते. पोटच्या पोराला असे कोणी ढकलीत नाही.

शेजारच्या महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींचा दाखला हल्ली नेहमी दिला जातो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलांच्या शर्यतींना मनाई केली. त्यानंतर २०१७ मध्ये तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या वैध ठरविल्या. म्हणून बेळगाव-कोल्हापूरकडे शर्यतींना कायद्याचा आधार मिळाला. पण त्या दुरुस्त्यांनी शर्यतीला अटी घालून परवानगी दिली आहे, पैजेला नव्हे. आणि बैलांच्या आपसांतील झुंजीला तर त्यांत जागाच नाही. ‘तिकडे चालते, मग इकडे का नाही’ असे विचारणाऱ्यांस पंचायत सदस्यांनी हा फरक समजावून सांगावा.

राज्यघटनेत ‘पैज व जुगार’ हा राज्यसूचीतील विषय आहे आणि प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे कागदावर या दोन गोष्टी निरनिराळ्या विभागांच्या होतात. धिरयोची वार्ता आली की पशुवैद्यक म्हणतात पोलिसांनी पाहावे, आणि पोलिस म्हणतात जनावरांचा प्रश्न आहे. माझी विनंती अशी की तक्रार करताना दोन्ही गोष्टी लिहाव्यात. क्रूरतेच्या कायद्याखालील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. ज्या बैलावर लाखांची उलाढाल होते, त्याच्या मालकाला पन्नास रुपयांचे भय कसले वाटणार? हा दंड वाढविण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला होता. तोवर १९७६ च्या आपल्या सार्वजनिक जुगार कायद्याचा आधार पोलिसांच्या हाती आहेच. तो वापरला तर पैजेचा पैसा जप्त होतो, आणि पैसा थांबला की झुंज भरविण्याचा उत्साहही फार काळ टिकत नाही.

शिक्षकांना एक सुचवितो. घटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. १९७६ च्या दुरुस्तीने ते घातले गेले. मुले ते पाठ म्हणतात. पाठ म्हणून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे : शर्यतीत घोडा जिंकला तर घोड्याला काय मिळते? चौथीच्या वर्गातील मुलेही याचे उत्तर देतील आणि ते ऐकण्यासारखे असेल.

तक्रार कोठे व कशी द्यावयाची, जप्त केलेल्या बैलांची व्यवस्था कोण पाहतो, याविषयी आपले प्रश्न असतील. तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी येथे उपस्थित आहेत. ते माझ्यापेक्षा अधिक माहितीने उत्तरे देतील.