दीर्घिका आणि तिच्या पोटांतील कृष्णविवर

धनु राशीच्या दिशेस, आपल्या आकाशगंगेच्या केंद्रांत, सुमारें ४० लक्ष सूर्यांच्या वस्तुमानाचें एक कृष्णविवर आहे. तें डोळ्यांस दिसत नाहीं; पण त्याभोंवतीं १६ वर्षांत प्रदक्षिणा पुरी करणाऱ्या एका ताऱ्यावरून त्याचें वजन काढतां आलें.

अशीं विवरें बहुतेक मोठ्या दीर्घिकांत असतात. दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यांतील ताऱ्यांचे वेग जितके अधिक, तितकें विवर जड, असें २००० सालीं दिसून आलें. वास्तविक विवराचें वजन फुगवट्याच्या शेंकडा एकाहूनहि सहसा कमी. त्याच्या आकर्षणाचा अंमलहि थोड्या अंतरापुरताच. मग हा मेळ कोणी घातला?

बहुतेक शास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, विवराकडे ओढला जाणारा वायु तापून प्रखर तेज व झोत बाहेर टाकतो. त्यायोगें भोंवतालचा वायु तापतो, उधळतो; नव्या ताऱ्यांचा जन्म मंदावतो आणि विवराचाहि आहार तुटतो. जणूं अधाशी पाहुण्यानेंच पंगत उठवावी!

परंतु आधीं कोण, बीज कीं वृक्ष? २०२१ सालीं अवकाशांत गेलेल्या वेब दुर्बिणीस विश्वाच्या बाल्यावस्थेंत, स्वतःच्या दीर्घिकेच्या मानानें फार जड भासणारीं विवरें आढळलीं आहेत. निर्णय व्हावयाचा आहे. तथापि तारे किती जन्मावे, यांत अंधाराचाहि हात असावा, हें मात्र आतां नाकारतां येत नाहीं.