तिसरा रकाना



आपल्या बालगृहांचा सारा हिशेब मुलांच्या डोक्यांवर चालतो. मान्य संख्या किती, प्रवेशित किती, आज हजर किती, हे हजेरीपट सांगतो आणि अनुदानही त्याच आकड्याच्या मागून येते. ज्या घरातून ते मूल आले, त्या घराला आपल्या दप्तरात जागा आहे ती फक्त चौकशीपुरती. सामाजिक तपासणी अहवालाच्या नमुन्यात कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, वय, नाते, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, आजार, व्यसन असे सगळे रकाने आहेत. ते भरले जातात, अहवाल फायलीला लागतो आणि मूल खोलीत खाटेवर जाते. घराचे दुखणे नोंदवायचे आणि उपचार मात्र मुलावर करायचा, अशी ही रीत आहे. ती बदलल्याशिवाय मुलांचे भले होणार नाही, एवढे एकच म्हणणे मी आज मांडणार आहे.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, ही दोन्ही तत्त्वे स्पष्ट लिहिली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली स्वीकारलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे तर केवळ गरिबीपायी मुलाला आईबापांपासून तोडू नये असे बजावतात. पैशांची तरतूदही आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत घरी राहणाऱ्या मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आहे. संस्थेतल्या मुलासाठी निर्वाहाचे दरमहा ३,००० रुपये मिळतात आणि कर्मचाऱ्यांचा व इमारतीचा खर्च वेगळा होतो. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये देते. म्हणजे तत्त्व आहे, योजना आहे, पैसा आहे. तरीही आई हयात असलेली मुले आपल्या बालगृहांत मोठ्या संख्येने आहेत, हे या सभागृहातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

असे का होते, हे दोन दारे शेजारी ठेवून पाहिले की कळते. मूल संस्थेत यायचे तर त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे उभे करतात आणि समितीच्या आदेशाने त्याच दिवशी त्याच्या जेवणाची, झोपण्याची सोय होते. त्याच मुलाला घरी ठेवून बालसंगोपनाचे पैसे मिळवायचे तर नुकत्याच विधवा झालेल्या, रोजाने खुरपायला जाणाऱ्या आईला उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाइड, बँकेचे पासबुक आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो एवढे जमवावे लागते. तलाठ्याकडे एक खेप, सेतूत दुसरी, बँकेत तिसरी, आणि प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. अर्ज मंजूर होईपर्यंत घरात खायला काय, याचे उत्तर कोणत्याच नमुन्यात नाही. अशा वेळी ती आई मूल आपल्या दाराशी आणून सोडते आणि आपण शेरा मारतो, ‘पालक सांभाळण्यास असमर्थ’. ती असमर्थ होती की आपली मदत उशिरा पोचली, हे त्या शेऱ्यात दिसत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत या उशिराची किंमत किती मोठी असते, याचा भक्कम पुरावा रुमानियातून आला. बुखारेस्टमधल्या संस्थांतील १३६ बालकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवले, बाकीच्यांची व्यवस्था नेहमीसारखी चालू राहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धिवाढ स्पष्टपणे सरस होती आणि जी दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. तिथल्या संस्था फार निकृष्ट होत्या, आपल्या तशा नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. तो अंशतः खरा आहे. पण तीन पाळ्यांत बदलणाऱ्या मावश्या कितीही मायाळू असल्या, तरी रात्री दचकून उठलेल्या दीड वर्षाच्या पोराला रोज तोच हात मिळत नाही. ही उणीव मावश्यांची नाही, पाळ्यांच्या तक्त्याची आहे.

याहून गंभीर आक्षेप आपल्याच इतिहासातून येतो. १८८९ चे पंडिता रमाबाईंचे शारदा सदन आणि १८९६ चा अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम ही घरे कुटुंबाच्या क्रौर्यातून सुटका देण्यासाठी उभी राहिली. मग ‘कुटुंब केंद्रस्थानी’ म्हणणे हे सुधारकांच्या उलट्या दिशेने चालणे नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर फुले दांपत्याच्या कामात सापडते. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा मूल वाचवण्यासाठी आधी आईला आसरा दिला. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले, म्हणजे त्याला घर दिले. सुधारकांचे भांडण जुलमी घराशी होते. एकट्या आईचे आणि तिच्या मुलाचे घर हेही घरच आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आपण मात्र पुष्कळदा नेमके तेच घर मोडतो.

घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल तर मुलाची सुरक्षितता सर्वांत आधी, यात तडजोड नाही. पण तिथेही घराबाहेर अत्याचाऱ्याने जावे की मुलाने, हा प्रश्न विचारायला हवा. बाप पैसे दारूत घालवील, ही शंका रास्त आहे. त्यासाठी रक्कम आईच्या वा आजीच्या ताब्यातील खात्यात जावी आणि गृहभेट नियमित व्हावी. संस्थेच्या अनुदानात गैरव्यवहार होऊ शकतो म्हणून आपण अनुदान बंद करत नाही, लेखापरीक्षण करतो. गरिबाच्या घरालाही तोच न्याय लावावा. गृहभेटींना माणसे कुठून आणायची, हा प्रश्न मात्र खरा आहे. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे ओझे ठेवणे हे त्याचे उत्तर नव्हे. संस्थांनी आपले काही समुपदेशक इमारतीतून काढून गावांकडे वळवावेत आणि शासनाने अनुदान खाटांबरोबर सांभाळलेल्या घरांवरही द्यावे.

कुटुंब म्हणजे आईबाप एवढेच, असेही धरू नये. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात माओरी समाजाची रीत स्वीकारली. मुलाचा निर्णय घेण्यापूर्वी सगळ्या गोतावळ्याला एकत्र बसवायचे, माहिती द्यायची आणि अधिकाऱ्यांनी खोलीबाहेर जायचे. आपल्याकडे तर आजोळ हा शब्दच त्यासाठी तयार आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप ‘कोयता’ होऊन कारखान्याकडे जातात, तेव्हा बीडमधल्या अनेक गावांत मूल आजीजवळ राहते आणि हंगामी वसतिगृहात दोन वेळ जेवते. मूल घरी झोपते, शाळा बुडत नाही, आजीवर स्वयंपाकाचा भार पडत नाही. त्यात त्रुटी पुष्कळ आहेत, पण मदतीची दिशा बरोबर आहे.

तेव्हा समारोपाला एकच विनंती. आपल्या प्रत्येक संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘दाखल’ आणि ‘मुक्त’ असे दोन रकाने असतात. यंदापासून त्यांच्याशेजारी तिसरा आखा : ‘घरीच राहिले’. पहिल्या वर्षी त्यात शून्य आले, तरी ते शून्य छापा.