म्हापशाचा शुक्रवार
(महोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



महोत्सवी वर्षात सभासदांची सहकुटुंब सहल काढावयाची ठरली, तेव्हा कोणी दूरची तीर्थक्षेत्रे सुचविली. शेवटी ठरले ते म्हापसा, आणि तेही शुक्रवारच्या बाजारदिवशी! "तेथे पाहावयाचे ते काय?" असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर देण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

विठ्ठलापूरच्या विठ्ठलाला हात जोडून आम्ही सकाळीच कारापूर सोडले. डिचोली, अस्नोडा, थिवी मागे टाकीत म्हापसा गाठले. आमच्यातील एका निवृत्त गुरुजींनी वाटाड्याचे काम आनंदाने पत्करले होते.

प्रथम म्हापशाचा राखणदार बोडगेश्वर याचे दर्शन झाले. पुढे मिलाग्रीस सायबिणीचे चर्च बाहेरून पाहिले. आपल्या तालुक्यातील शिरगावची लईराई आणि ही सायबीण सख्ख्या बहिणी, अशी लोकांची श्रद्धा आहे. सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. बहिणीकडे जाताना धर्म कोण विचारतो?

मग बाजार. मोरोक्को देशातील फेझ शहराच्या जुन्या पेठेत एकेका धंद्याची गल्ली आहे. १९८१ पासून ती पेठ जागतिक वारसा यादीत आहे. येथेही जिन्नसाजिन्नसाची ओळ निराळी. मयड्याची केळी, हरमलची मिरची, सोले, सुकी मासळी, वेताच्या आणि बांबूच्या पाट्या. पावसाळ्याच्या बेगमीला आपण 'पुरुमेंत' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण बेगमी मात्र आपल्या आजीचीच. माप भरावयाचे ठिकाण म्हणून म्हापसा, असेही गुरुजींनी सांगितले.

कुंभारकामाच्या ओळीत मात्र आमचेच माप झाले. दह्याच्या एका मडक्याचे विक्रेतीने तीनशे रुपये सांगितले. आम्ही पाच-सहा जणांनी घासाघीस करून ते दीडशेवर आणले आणि विजयी मुद्रेने एकमेकांकडे पाहिले. गुरुजींनी सहज विचारले, "मावशी, गाव कोणते?"

"डिचोली, बाबा," ती म्हणाली. "माती मिळेनाशी झाली. लाकूड महागले. भट्टीत दहातली दोन तडकतात. मुलगा चाकावर बसत नाही."

मंडळी, येताना गाडीतच आम्ही गरजूंसाठी वर्गणी गोळा केली होती. एका हाताने दान करीत होतो आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या गावच्या कष्टाचे मोल कापीत होतो. आम्ही खजील होऊन उरलेले दीडशे पुढे केले. तिने हात मागे घेतला. "ठरले ते ठरले. भीक नको." फारच आग्रह केला तेव्हा तिने पैसे घेतले, पण मडक्याबरोबर एक बोळकेही बांधून दिले. तेच बोळके आज येथे समईपाशी ठेवले आहे.

न्यासाचे जमाखर्च दरवर्षी तपासले जातात. परंतु आपल्या पिशवीचा हिशेब कोणी तपासीत नाही. रास्त भाव देणे हाही धर्मादायच आहे, आणि घेणाऱ्याची मान त्यात ताठ राहते. पुढच्या शुक्रवारी म्हापशास जाल तेव्हा भाव करा, जरूर करा. पण आधी गाव विचारा.