काचेची चीप आणि गावचा डोह

शाळेच्या कपाटात काचेचा एक जाड, आयताकृती ठोकळा असतो. त्याला काचेची चीप म्हणतात. पुष्कळदा ती कपाटातच राहते आणि फळ्यावर तिचे चित्र तेवढे निघते. गुरुजी, माझी विनंती एवढीच, की ती बाहेर काढा. मुले पोहतात त्या डोहाची फसवी खोली या चिपेत समजते.

चीप छापील पानावर ठेवून बरोबर वरून पाहा. अक्षरे उचलल्यासारखी दिसतील. चीप ३ सेंटिमीटर जाड असेल तर सुमारे १ सेंटिमीटर वर! आता चीप कोऱ्या कागदावर ठेवा, पेन्सिलीने कडा आखा. एका बाजूला दोन टाचण्या तिरप्या रेषेत उभ्या टोचा. पलीकडून, डोळा कागदाशी आणून, काचेतून त्या पाहा आणि आपल्या बाजूला आणखी दोन टाचण्या अशा टोचा की चारही एका ओळीत दिसाव्यात. मग चीप उचला. चारही एका ओळीत नाहीतच! दोन्ही बाजूंच्या रेषा समांतर आहेत, पण एक बाजूला सरकली आहे. किरण ४५ अंशांनी तिरपा आणि चीप ६ सेंटिमीटर रुंद असेल, तर हे सरकणे जवळजवळ २ सेंटिमीटर भरते.

असे का व्हावे? बैलगाडी पक्क्या रस्त्यावरून तिरपी चिखलात शिरली, की जे चाक आधी चिखलात जाते ते मंदावते. दुसरे अजून वेगात असते. साहजिकच गाडी वळते. पलीकडे निघताना तेच चाक आधी कोरड्यावर येते, वेग घेते, आणि गाडी तितकीच उलट वळते. (बैल मध्येच अडले नाहीत असे धरून चालू!) गाडी सरळ शिरली तर दोन्ही चाके एकदमच मंदावतात, मग वळण्याचे कारणच नाही. प्रकाशाचे तसेच आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, काचेत सुमारे २ लाख. या वळण्याला वक्रीभवन म्हणतात. पाठ्यपुस्तकात अपवर्तन हा शब्द भेटेल.

हा वेग कमी होतो हे सर्वांनाच मान्य नव्हते बरे का! न्यूटनच्या कणवादाप्रमाणे पाण्यात प्रकाश अधिक वेगाने जायला हवा होता. १८५० साली फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने फिरत्या आरशाच्या साहाय्याने पडताळा घेतला, तेव्हा पाण्यातला प्रकाश हवेतल्यापेक्षा सावकाश चालतो असेच ठरले.

आता डोहाकडे वळू. तळाकडून येणारा किरण पाण्याबाहेर पडताना वळतो. डोळ्याला मात्र तो सरळच आला असे वाटते, म्हणून तळ वर दिसतो. बरोबर वरून पाहिले तर ८ फूट पाणी ६ फूट भासते. काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ. पाणी जितके नितळ, तितका तळ स्पष्ट दिसतो आणि पोहता न येणारे पोर तितकेच निर्धास्त होते. काठावर खुणा केलेला एक लांब बांबू ठेवावा. पाणी किती आहे ते त्याने मोजावे, आणि मुलांना आधी नजरेने अंदाज करायला सांगावा.