रिटर्न कोणाकडून भरून घ्यावं?

(सेक्टर 2, भिलाई येथे खातेदारांच्या बैठकीत ऑगस्ट 2025 मध्ये केलेलं भाषण)

सकाळची शिफ्ट करून थेट इथे आलेल्यांना मी फार वेळ बसवून ठेवणार नाही. मला विषय दिलाय आयकर रिटर्नचा. पण सगळा कायदा सांगायचा तर ही संध्याकाळ पुरणार नाही, आणि तो दरवर्षी बदलतो. म्हणून मी टेबलाच्या माझ्या बाजूने बोलते. रिटर्न भरून देणारा माणूस नेमकं काय करतो, पैसे कशाचे घेतो, आणि त्याच्यासमोर बसल्यावर तुम्ही काय बघायचं, एवढंच.

सेक्टर 2 मध्ये माझी एक छोटी खोली आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, समोर दोन खुर्च्या. जुलैत बाहेर बाक टाकावा लागतो. मी सीए नाही. वाणिज्य पदवीधर आहे, काही वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काम शिकले आणि मग स्वतःचं सुरू केलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की दुसऱ्याचं रिटर्न भरून द्यायला सरकारी परवाना लागतो. लागत नाही. 2006 साली सरकारने पदवीधरांना शिकवून 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' तयार करायची योजना आणली होती, त्यांना ओळख क्रमांक मिळतो. पण त्या योजनेत नसलेला माणूससुद्धा लॅपटॉप घेऊन बसू शकतो, आणि बसतो. अधिकाऱ्यापुढे तुमची बाजू मांडायची वेळ आली, तर मात्र सीए, वकील अशी कायद्याने ठरवलेली माणसंच लागतात. म्हणजे नुसती पाटी बघून तुम्हाला काही कळणार नाही. कळतं ते फीवरून.

फी दोन तऱ्हांनी ठरते. मी नोकरदाराच्या साध्या रिटर्नचे 600 रुपये घेते. रिफंड आला तरी 600, कर भरावा लागला तरी 600. दुसरी तऱ्हा टक्केवारीची. 'आधी काही देऊ नका, रिफंड आला की वीस टक्के द्या.' ऐकायला ही दुसरी तऱ्हाच बरी वाटते. काम झालं तरच पैसे! पण जरा थांबून विचार करा. ज्याची कमाई तुमच्या रिफंडवर अवलंबून आहे, त्याला तुमचा रिफंड खरा असण्यात रस आहे की मोठा असण्यात? सीए मंडळींना तर अशी टक्केवारीवर फी घ्यायला, काही ठरावीक अपवाद सोडले तर, त्यांच्या नियमांतच मनाई आहे. ती उगीच नाही.

आता एक हकीकत सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारूनच सांगते आहे, नाव सांगणार नाही. प्लँटमधले गृहस्थ, बरीच वर्षं माझ्याकडे यायचे. 2023 च्या जुलैमध्ये आले तेव्हा फॉर्म सोळा टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, आमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांना तीस-तीस हजार परत आले. माझेच का येत नाहीत?" मी फॉर्म बघितला. कर बरोबर कापला होता. मी म्हटलं, "नाही होत दादा." बाहेर बाकावर सहा माणसं होती. मी एवढंच म्हटलं आणि पुढचा कागद ओढला. ते गेले, आणि दोन वर्षं आले नाहीत.

यंदा मे महिन्यात आले. शिफ्टमधल्या दोघातिघांना आयकर खात्याचे मेसेज आले होते की तुमची वजावट तपासून बघा. यांना काहीच आलं नव्हतं, म्हणून ते जास्त घाबरले होते. पोर्टलचा पासवर्ड यांना माहीत नव्हता. आधारच्या ओटीपीवर नवा पासवर्ड लावला आणि आत गेलो, तर नोंदवलेला ई-मेल यांचा नाही, मोबाईलही यांचा नाही. दोन्ही त्या भरून देणाऱ्याचे. खात्याने काही पाठवलं असतं तरी यांना कळलंच नसतं.

मग रिटर्न उघडलं. दोन्ही वर्षी जुनी करप्रणाली निवडलेली, आणि दीड-दीड लाखाची जास्तीची वजावट. त्यात घरभाडं होतं. हे गृहस्थ राहतात कंपनीच्या क्वार्टरमध्ये! पगाराच्या कागदावर क्वार्टरची कपात दर महिन्याला दिसते, आणि रिटर्नमध्ये खासगी घरमालकाला भाडं दिलेलं. शिवाय एका राजकीय पक्षाला देणगी. त्या पक्षाचं नाव त्यांनी माझ्या टेबलावर पहिल्यांदा वाचलं.

हिशेब मांडू या. त्यांचं उत्पन्न वीस टक्क्यांच्या टप्प्यात होतं. दीड लाखावर वीस टक्के म्हणजे 30,000, त्यावर चार टक्के सेस, एकूण 31,200 रुपये. एवढा रिफंड दर वर्षी आला. त्यातले वीस टक्के, म्हणजे 6,240, भरून देणाऱ्याने घेतले. माझ्या दहा रिटर्नांच्या फीपेक्षा जास्त. गृहस्थांच्या हातात एका वर्षाचे 24,960 आले, दोन वर्षांचे 49,920.

चौकशी सुरू झालेली नव्हती, म्हणून एक वाट उघडी होती. तिला अपडेटेड रिटर्न म्हणतात. आपणहून चूक कबूल करायची, राहिलेला कर भरायचा आणि वर जादा कर द्यायचा. जितका उशीर तितका तो जास्त: पहिल्या बारा महिन्यांत पंचवीस टक्के, दुसऱ्या वर्षात पन्नास. यंदाच्या अर्थसंकल्पापासून ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढली आहे, पण तिसऱ्या वर्षी साठ आणि चौथ्या वर्षी सत्तर टक्के. यांच्या जुन्या वर्षाला पन्नास टक्के लागले, 15,600. अलीकडच्या वर्षाला पंचवीस, म्हणजे 7,800. दोन वर्षांचा मूळ कर 62,400. व्याज बाजूला ठेवलं तरी 85,800 रुपये भरावे लागले. हातात आले होते पन्नास हजारांच्या आत. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली एफडी मुदतीआधी मोडली, तेव्हा चलन भरलं गेलं.

आणि ही स्वस्तातली वाट होती. आधी खात्याने पकडलं असतं आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं असतं, तर दंड चुकवलेल्या कराच्या दोनशे टक्के लागू शकतो. 62,400 वर 1,24,800 दंड, मूळ कर वेगळा, व्याज वेगळं. भरून देणाऱ्याचा फोन तोवर बंद होता. त्याने घेतलेले 12,480 परत मिळाले नाहीत.

चलनाची पावती छापून दिली तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "ताई, हे सगळं तेव्हाच का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नाही म्हटलं होतं, पण का नाही ते सांगितलं नव्हतं. 600 रुपयांत तेवढी दहा मिनिटं बसायला हवी होती. ते राहून गेलं, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

हे एका शिफ्टपुरतं नाही. 14 जुलैला आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी सुरू केली, ती अशाच भरून देणाऱ्यांची. खात्याच्या पत्रकात महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, दिल्ली, पंजाब, तमिळनाडू ही नावं आहेत. आपल्या छत्तीसगडचं नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पत्रकात सार्वजनिक उपक्रमांतल्या नोकरदारांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि आपलं हे गाव तर अशाच एका कारखान्याभोवती वसलेलं आहे. फक्त रिटर्न भरण्यापुरते ई-मेल काढायचे आणि मग सोडून द्यायचे, त्यामुळे नोटिसा कोणी वाचतच नाही, हेसुद्धा त्या पत्रकात लिहिलंय. वाचताना मला मे महिन्यातला तो दिवस आठवला. गेल्या चार महिन्यांत सुमारे 40,000 लोकांनी आपली रिटर्नं दुरुस्त करून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असंही त्यात आहे.

कोणी म्हणेल, सही तर भरून देणाऱ्याने केली, ओटीपी त्याने टाकला. पण ओटीपी तुमचा असतो. रिटर्नखालचं प्रतिज्ञापत्र तुमच्या नावाचं असतं: वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. भरून देणाऱ्याचं नाव तिथे बहुतेक वेळा नसतंच. फोनवर 'काकू, नंबर आलाय तो सांगा' म्हणून ओटीपी मागतात आणि आपण सांगतो. तो सांगण्याआधी भरलेलं रिटर्न एकदा समोर ठेवायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी छापून देते. कागद खर्च होतो, होऊ दे. त्यात वजावटीचं पान बघा. तिथल्या प्रत्येक आकड्याची पावती तुमच्या घरात आहे का, एवढंच स्वतःला विचारा. यंदा तर विम्याचा पॉलिसी क्रमांक, कर्जखात्याचा क्रमांक असे तपशील फॉर्मच मागतो. भरून देणाऱ्याने ते तुमच्याकडे मागितले नाहीत, तर त्याने ते कुठून भरले?

रिफंड म्हणजे वाईट गोष्ट, असं मात्र समजू नका. एक काकू आहेत, यजमान प्लँटमधून निवृत्त होऊन वारले. त्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतली छोटी पेन्शन मिळते आणि बाकी सगळं एफडीवर चालतं. गेल्या आर्थिक वर्षात व्याज 92,000 झालं. फॉर्म पंधरा-एच द्यायचा राहिला, म्हणून बँकेने दहा टक्के, 9,200 रुपये कापले. दोन्ही मिळून त्यांचं उत्पन्न कराच्या पातळीखालीच आहे. हे पैसे त्यांचेच, रिटर्न भरलं की परत येणार. त्यांनाही कोणीतरी वीस टक्के सांगितले होते, म्हणजे 1,840. मी 500 घेतले तर म्हणाल्या, "एवढं कमी कसं गं? काही चुकणार तर नाही ना?" आता काय बोलायचं!

त्यांच्याच रिटर्नमध्ये एक गोष्ट दिसली, ती विधवा भगिनींसाठी सांगते. नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन ही पगारात धरायची नसते. ती इतर उत्पन्नात जाते आणि तिची वजावट वेगळी असते. पगाराची 75,000 ची प्रमाणित वजावट तिला लागत नाही. नव्या प्रणालीत पेन्शनचा एक तृतीयांश किंवा 25,000, यात जे कमी असेल ते. आधीच्या माणसाने पगारात टाकलं होतं. काकूंना कर नव्हताच म्हणून निभावलं.

घाईबद्दल दोन शब्द. काही लोक एप्रिलमध्येच येतात, रिफंड लवकर हवा म्हणून. मी परत पाठवते. फॉर्म सोळा जूनच्या मध्यापर्यंत येतो. बँकेने कापलेला करही जूनमध्येच पोर्टलवर नीट दिसतो. फॉर्म 26-एएस आणि एआयएस, म्हणजे खात्याकडे तुमची जी माहिती आहे तिचा उतारा, हे दोन्ही जुळवल्याशिवाय भरलं की विसरलेलं आवर्ती ठेवीचं व्याज हमखास बाहेर राहतं. खात्याला ते दिसत असतं, विसरलेले आपण असतो. पण उशीरही नको. यंदा मुदत 15 सप्टेंबर आहे. ती चुकली तर नोकरदाराला जुनी प्रणाली निवडता येत नाही, मग खऱ्या वजावटीही गेल्या. वर 5,000 रुपये शुल्क, उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर 1,000. भरल्यानंतर तीस दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करायचं. ते राहिलं तर भरलेलं रिटर्न भरलेलं धरत नाहीत.

तुम्ही माझ्याकडेच यावं असं मी म्हणत नाही. साधा पगार आणि थोडं व्याज असेल तर रिटर्न स्वतः भरता येतं, पोर्टलवर पुष्कळशी माहिती आधीच भरलेली असते आणि त्याला पैसे पडत नाहीत. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. माझं एक गिऱ्हाईक कमी होईल, चालेल.

पण कोणाकडूनही भरून घ्या, आज घरी गेल्यावर एक काम करा. पोर्टल उघडून तुमच्या नावापुढे मोबाईल आणि ई-मेल कोणाचा आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर आजच बदला. मग गेल्या दोन-तीन वर्षांची रिटर्नं उतरवून घ्या आणि वजावटीचं पान वाचा. न ओळखीचा आकडा दिसला तर घाबरून बंद करू नका. त्याचा कागद घेऊन सीएंकडे जा, माझ्याकडे या, कोणाकडेही जा, पण खात्याचं पत्र यायच्या आधी जा.

ते गृहस्थ आज इथे आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या शिफ्टमधल्या पाच जणांना घेऊन आले होते. त्यातल्या दोघांना खरोखरच काही करावं लागलं नाही.

आता प्रश्न विचारा. ज्यांना नाइट शिफ्टला जायचंय, त्यांनी आधी. फॉर्म सोळा सोबत आणला असेल तर त्यावरचा पॅन क्रमांक झाकून द्या, सगळ्यांसमोर उघडायचा नाही.