बाळाच्या पोटातलं पहिलं वर्ष

(बुलडाणा जिल्ह्यातील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२० च्या जून महिन्यात आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितलं: हॅलोआर्किया नावाचे, खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांना हवी तशी जागा मिळाली. जशी जागा, तशी वस्ती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून हे उदाहरण घेतलं. बाळाच्या आतड्यातही असंच होतं. जन्मापासून पोटात काय जातं, यावर तिथे कोणते जिवाणू वस्ती करणार हे बरंचसं ठरतं. आणि या वस्तीच्या सोबतीने बाळाची प्रतिकारशक्ती दोन गोष्टी शिकते: कोणाशी लढायचं आणि कोणाला सोडून द्यायचं. दुसरा धडा कच्चा राहिला, की शरीर अंडं, शेंगदाणा, धूळ यांनाही शत्रू समजतं. यालाच आपण ॲलर्जी म्हणतो. आनुवंशिकता, चुलीचा आणि विडी-सिगारेटचा धूर यांचाही त्यात वाटा असतोच. पण पहिल्या वर्षातल्या काही गोष्टी आपल्या हातात आहेत. त्यांच्याबद्दलच बोलते.

पहिली गोष्ट, चिकाचं दूध. अनेक घरांत हे पिवळसर दूध ‘खराब’ म्हणून काढून टाकतात. खरं तर बाळाचं रक्षण करणारे घटक त्यातच सर्वाधिक असतात. आईच्या दुधात अशा काही शर्कराही असतात, ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. मग त्या कशासाठी? बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या उपयोगी जिवाणूंचं ते खाद्य आहे. आई एकाच वेळी बाळालाही पाजते आणि त्याच्या पोटातल्या जिवाणूंनाही. म्हणून जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजावं आणि सहा महिने पाणीसुद्धा वरून देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दूध पाजलं की ॲलर्जी होणारच नाही, अशी हमी कोणी देत नाही. पण बाळाच्या पोटाची सुरुवात यापेक्षा चांगली होत नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. आपल्याकडे तहनीक करतात, घुट्टी देतात, शहद चाटवतात. त्यामागची माया मला कळते. पण मधात बोट्युलिझम या आजाराचे बीजाणू असू शकतात आणि तो आजार तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. वर्षाच्या आत मध नाहीच. मोठ्यांनी चावलेल्या खजुरातून त्यांच्या तोंडातले जंतू बाळापर्यंत पोचतात. बाळाच्या कानात अजान द्या, दुआ करा, त्याला काहीच धोका नाही. आणि आईने दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख सूरह बकराहमध्येच आहे, हेही घरातल्या मोठ्यांना आठवण करून द्या.

तिसरी गोष्ट, अँटिबायोटिक. बाळाची सर्दी किंवा पातळ शी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. उलट, पोटातली चांगली वस्ती उजाड होते. जुलाबाला ओआरएस आणि झिंक द्या, दूध चालू ठेवा. गरज असताना अँटिबायोटिक जीव वाचवतं, पण ती गरज डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही.

चौथी गोष्ट, वरचं अन्न. ‘ॲलर्जी होईल’ म्हणून अंडं, शेंगदाणा दोन-तीन वर्षं लांब ठेवण्याचा सल्ला पूर्वी दिला जायचा. २०१५ साली लंडनमधल्या संशोधनाने तो उलटा ठरवला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं त्यात घेतली. ज्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवलं, त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. ज्यांना लहानपणापासून दिला, त्यांच्यात हे प्रमाण ३ टक्के होतं. सहा महिन्यांनंतर बाळाला मऊ खिचडीत अगदी बारीक कूट देता येतं. अख्खा दाणा मात्र देऊ नका, घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता एक महत्त्वाचं. हे सगळं ऐकून आईला दोषी ठरवू नका. सिझेरियनच्या बाळांच्या आतड्यातली सुरुवातीची वस्ती वेगळी असते, हे खरं आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी दवाखान्यांमधली ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. हा आकडा आयांनी ठरवलेला नाही. ऑपरेशन गरजेचं असेल तर करायचंच, पण ‘का करताय?’ हे विचारण्याचा हक्क आपला आहे. मातृत्व रजा कायद्याने २६ आठवडे मिळतात, पण सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापूस वेचायला रोजाने जाणाऱ्या बाईला ती कोण देणार? सहा महिने फक्त अंगावर पाजा, असं तिला सांगणं सोपं आहे. तिची मजुरी बुडू न देण्याची सोय मागणं, हे आपलं काम आहे. डबाबंद दुधाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही माहीत असू द्या. कोणी फुकट डबा हातात ठेवला, तर प्रश्न विचारा.

आणि महागडे प्रोबायोटिक थेंब? ओडिशाच्या खेड्यांत ४,५०० हून जास्त नवजात बाळांवर झालेल्या एका अभ्यासात विशिष्ट जिवाणू दिल्याने जंतुसंसर्ग आणि मृत्यू घटले. तो निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते एक ठरावीक औषध होतं आणि तो अभ्यास ॲलर्जीचा नव्हता. त्याच्या नावावर दुकानातली कुठलीही बाटली घेऊ नका.

शेवटची विनंती इथल्या मुलांना, म्हणजे उद्याच्या वडिलांना. शहदाची वाटी पुढे आली की नवी सून सासूसमोर ‘नको’ म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकता. आपल्या अम्मीशी आदराने, पण बाळंतपणाच्या आधीच बोलून ठेवा. आशाताईंना घरी बोलवा, त्यांच्या तोंडून ऐकवा. हे काम बायकोवर टाकू नका.