अंदाजाची वही



कारखान्यात कच्चा माल संपून मशीन थांबलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘मी तेव्हाच म्हटलं होतं!’ तेव्हाच म्हणजे कधी, आणि नेमकं काय म्हटलं होतं, हे कुणालाच आठवत नाही. तरीही मॅनेजरच्या वार्षिक मूल्यमापनात ‘दूरदृष्टी’चा रकाना असतो. वरिष्ठ त्यात पाचपैकी चार गुण टाकून मोकळे होतात. चारच का, ते विचारायचं नसतं.

हवामानवाल्यांची आपण थट्टा करतो, पण अंदाज तपासून पाहण्याच्या बाबतीत ते आपल्या पुढे आहेत. अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली अंदाजांना गुण देण्याची रीत मांडली. तिचं आजचं सोपं रूप सांगतो. समजा, मॅनेजरनं वहीत लिहिलं: ‘पंधरा तारखेपर्यंत माल येण्याची शक्यता ८० टक्के.’ म्हणजे ०.८. माल आला, तर एकातून ०.८ वजा, उरले ०.२, त्याचा वर्ग ०.०४. माल नाही आला, तर ०.८ चा वर्ग, ०.६४. हे दंडाचे गुण. कायम ‘पन्नास टक्के’ म्हणणाऱ्या सावध गृहस्थाला दर वेळी ०.२५. वर्षअखेर सरासरी काढायची; जितकी कमी, तितकी नजर चांगली. छातीठोक बोलून चुकणाऱ्याची इथं गय नाही.

आणि मोठं नाव म्हणजे चांगली नजर, असंही नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी राजकारण-अर्थकारणातल्या २८४ तज्ज्ञांची भाकितं वीसेक वर्षं जमवून तपासली. २००५ साली निष्कर्ष पुस्तकरूपानं आले. ज्यांचं नाव मोठं, त्यांचे अंदाज उलट जास्त चुकलेले!

पण मॅनेजर हा काही नुसता ज्योतिषी नव्हे. पाऊस पडणार म्हणून हवामानवाला ढग अडवू शकत नाही. मॅनेजर मात्र ‘माल उशिरा येणार’ असं लिहून पुरवठादाराला रोज फोन करतो आणि माल वेळेवर आणवतो. अंदाज चुकला, काम फत्ते झालं! गुण मात्र वाईट. म्हणून माझ्या मते वहीत आणखी एक रकाना हवा: ‘मग मी काय केलं?’ तो रिकामा असेल, तर अचूक अंदाजही कुचकामी.

तेव्हा मॅनेजरमंडळींनो, उद्याच्या मीटिंगमध्ये ‘मला वाटतं’ म्हणाल, तेव्हा सोबत तारीख आणि टक्का लिहा. आणि हो, पेन्सिलनं नको, पेननं.